तांदूळ – शून्य

रविवार, ६ एप्रिल २०२५

दिवाळीनंतर इथे एक अक्षर लिहिलं नाही. माफी मागायची तर कुणाची – या पानाचीच. खर्चाच्या वहीत रोज लिहितो, तिथे एक दिवस चुकला नाही. इथे लिहायचं म्हटलं की हात जड होतो. तिथे आकडे लिहायचे असतात, इथे खरं.

तर आकड्यापासूनच सुरू करतो. घराच्या कर्जाची आजची बाकी – ९४,३६०. आठ लाखांवरून इथवर आलो, सात वर्षांत. मूळ मुदत पंधरा वर्षांची. मध्ये व्याजदर वाढला तेव्हा बँकेने हप्ता तोच ठेवला आणि मुदत गुपचूप सव्वा वर्षाने वाढवली. उतारा काढला म्हणून कळलं. त्या दिवसापासून मला झोपेतही तो हप्ता दिसतो – ८,११५.

लेकीला, योगिताला, नाशिकला नर्सिंगला जायचंय. प्रवेश मिळाला तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फी. इथल्या वसतिगृहातल्या माझ्या हिशेबनिसाच्या पगारात हप्ता आणि नाशिक दोन्ही बसत नाही. चार वेळा मांडून पाहिलं. म्हणजे जुलैअखेर कर्ज संपलं पाहिजे. संपलं तरच नाशिक.

जयवंतीला सांगितलं. ती शिलाई मशीनवरून मान न वळवता म्हणाली, "मग आता काय बंद करायचं राहिलंय? श्वास?"

शनिवार, १९ एप्रिल

या महिन्याचं मांडलं. गॅस, वीज, दूध अर्धा लिटर, योगिताचा क्लास, एसटी. पंखा दुपारी बंद. तांदूळ – शून्य.

ही ओळ लिहिताना नेहमी बरं वाटतं. सूर्यमाळहून दादा दर वर्षी दोन पोती पाठवतो, घर झाल्यापासून आम्ही तांदूळ विकत घेतलाच नाही. या वर्षी मात्र एकच पोतं आलं. फोनवर दादा म्हणाला, उंदरांनी खाल्लं. जयवंती म्हणाली, "उंदीर अख्खं पोतं खातात? विचारा तरी नीट."

विचारलं नाही. जून-जुलैत तांदूळ घ्यावा लागेल, त्याचे हजार-बाराशे कुठून काढायचे तेवढंच डोक्यात आलं. लिहिताना वाईट वाटतंय. पण आलं ते हेच.

रविवार, ११ मे

गोकुळच्या दुकानात दिवसभर ऑनलाइन फॉर्म भरले. जातीचे दाखले, शिष्यवृत्ती. एका फॉर्मामागे मला पन्नास. आज एकवीस झाले. वीज दोनदा गेली, नाहीतर तीस झाले असते. गोकुळ म्हणतो, "तुळशीदास, जूनमध्ये अ‍ॅडमिशनची गर्दी सुरू झाली की तुला जेवायला पण सोडणार नाही." त्याला गंमत वाटते. मी मनात तीस गुणिले पन्नास करत होतो.

डोळे चुरचुरतात. चष्म्याचा नंबर बदलला असणार. ऑगस्टनंतर.

गुरुवार, १५ मे

जुनी वही चाळत होतो. २०१८. घराचा पाया. ठेकेदाराने खोदाई आणि दगडकामाचे ६१ हजार सांगितले होते. पाड्यावरून अकरा माणसं आली – दादा बोलला आणि आली. नऊ दिवस. खोदलं, दगड वाहिले, जोतं रचलं. मजुरी नाही. सावडच ती – आज आम्ही तुझ्याकडे, लावणीला तू आमच्याकडे. दोन वेळचं जेवण तेवढं जयवंतीने केलं.

बँकेकडून पायासाठी आलेले ते ६१ हजार मी तसेच परत भरले. माझा पहिला जादा भरणा. वहीत खाली दोन रेघा मारून लिहिलंय – "बचत ६१,०००!" पुढच्या व्याजाचा विचार केला तर ती रक्कम कितीतरी मोठी होते.

त्या पावसाळ्यात लावणीला जाणं जमलं नाही. नवीन हप्ता, नवीन रविवारचं काम. अकरा पाकिटांत रोजाचे पैसे घालून दादाकडे पाठवले. दिवसाच्या दराने, एक रुपया कमी नाही. जयवंती तेव्हा म्हणाली होती, "पाड्यावर पाकिटं कसली पाठवता?" दादाला विचारलं, वाटलीस का? "हो हो." विषय संपला.

रविवार, ८ जून

आवर्ती ठेव मुदतीला आली – ४१,२००. गणवेशांचे जयवंतीचे बारा हजार. तिने मोजून हातात ठेवले आणि म्हणाली, "यातलं एक पातळ पण नाही घेतलं, लिहा तुमच्या वहीत."

लिहिलं नाही. इथे लिहितोय.

रविवार, २९ जून

चौतीस फॉर्म! पाठ सरळ होत नाही.

मंगळवार, १ जुलै

दादाचा फोन. "काय रं तुळशा, पाऊस बरा हाय. या साली तरी ये लावनीला. दोन दिस. लय नाय."

मी म्हटलं, दादा, याच महिन्यात फॉर्मांची गर्दी असते. एवढं वर्ष जाऊ दे. पुढच्या वर्षी नक्की.

"बरं बरं. काम हाय त कर."

रागावला नाही. कधीच रागावत नाही. पुढच्या वर्षी नक्की – हे मी याआधी किती वेळा म्हटलं असेल? मोजू शकतो. मोजत नाही.

रविवार, १३ जुलै

सत्तावीस. ताप असल्यासारखं वाटतंय. तांदूळ २५ किलो आणला – १,१५०. शून्याच्या जागी पहिल्यांदाच आकडा.

सोमवार, २१ जुलै

संपलं.

७१,८४२ भरले. ६४० कमी पडत होते, ते गोकुळकडून उचल. बँकेतल्या मुलीने कर्ज निरंक असल्याचा दाखला छापून दिला, म्हणाली मूळ कागद यायला तीन आठवडे लागतील. बाहेर येऊन पायरीवर बसलो. काहीतरी वाटायला हवं होतं. चहा प्यावासा वाटला, तेवढंच. प्यायलो. दहा रुपये.

घरी जयवंतीने दाखला दोनदा वाचला. मग भिंतीला हात लावून म्हणाली, "आता पंखा लावू?" आणि आम्ही दोघंही हसलो. किती दिवसांनी!

योगिता विचारत होती, "पप्पा, म्हणजे नाशिक नक्की?" नक्की.

रविवार, २७ जुलै

आज रविवार असून फॉर्म भरले नाहीत. दाखला आणि पेढे घेऊन सूर्यमाळला गेलो. मोखाड्यापर्यंत एसटी, पुढे जीप. दादाला स्वतःच्या हाताने दाखवायचं होतं.

घरी रंगूवहिनी एकटीच. मागे दादाचं भाताचं खाचर तसंच पडलेलं – नुसतं पाणी, एक काडी लावलेली नाही! रोपं उंच होऊन पिवळी पडलेली. आता लावली तरी फुटवा धरणार नाहीत, शेती न करणाऱ्या मलाही ते कळतं. दादा कुठे? "रखमीच्या खाचरात." वहिनी म्हणाली. पाणी दिलं आणि चुलीकडे वळली.

गेलो. दादा वाकून लावत होता, गुडघाभर चिखलात. बावन्न वर्षांचा आहे, पाठीमागून सत्तरचा दिसतो. शेजारी पाड्यावरची रखमीकाकू आणि तिची सून. मला बघून रखमीकाकू दादाला म्हणाली, "सायब आला रं सोम्या, उभा राह."

दाखला दाखवला. दादाने चिखलाचा हात लांब धरला, कागदाला लागू नये म्हणून. वाचता येत नाही त्याला, तरी बराच वेळ बघितलं. "सुटलास म्हनायचा."

"सुटलो."

"बरा झाला." तोंड उघडलं, पेढा मीच भरवला.

इथवर ठीक होतं. मग मीच घाण केली. म्हटलं, दादा, आपली रोपं वाळतायत आणि तू दुसऱ्याच्या खाचरात राबतोस? रोजाचे मिळून किती मिळणार? आधी आपलं, मग लोकांचं – एवढं तरी नियोजन पाहिजे की नाही? मी कसं केलं बघ, सात वर्षं एकेक रुपया धरून. असं बरंच बोललो. आवाज चढला होता. सगळ्यांसमोर.

दादा म्हणाला, "हा. अजून चार दिस. मंग आपलाच."

रखमीकाकू वर न बघता मला म्हणाली, "तुझा भाऊ हिशेबाचा पक्का हाय हो." सून हसली. मला वाटलं, दादाला टोमणा मारतेय. मला तिचा रागच आला.

परतीच्या जीपमध्ये चिडचिड होत होती. माणसं स्वतःचं हित का बघत नाहीत! एवढा मोठा दिवस, त्याला ही किनार. आता लिहिताना वाटतंय, मी त्याला वाकलेला बघून घाबरलो आणि रागावलो. तरी बोललो ते चुकीचं नव्हतं.

सोमवार, २८ जुलै

रंगूवहिनीचा फोन. घर बांधल्यापासून तिने मला फोन केलेला नाही.

"भाऊजी, काल तुमी ह्यांना बोललात. ते सांगनार नाय, म्हनून मी सांगते. तुमच्या पायाला अकरा मानसं नऊ दिस आली. ती सावड कोनी फेडली? दर साली आधी त्यांच्या खाचरात, मंग आपल्या. आठ पावसाळे. आपली लावनी कायम मागनं. गेल्या साली भात नावालाच झाला, त्यातला पन अर्धा तुमाला पाठवला."

पाकिटं? मी विचारलं. "ती कोनाच्या हातात देनार? त्या अकरातल्या तुकाबाबांनीच तोंडावर मारली असती. आमी मजूर होतो का, म्हनाले असते. त्याचं खत आनलं."

अकरा गुणिले नऊ. नव्व्याण्णव दिवस. काल दादा चार म्हणाला, त्यातला आजचा गेला – शहाण्णव झाले. तीन राहिले, तिन्ही रखमीकाकूचे – तीही त्या अकरांतली.

वहीतला २०१८ चा आकडा बघितला. त्याखालच्या दोन रेघाही. तांदळाच्या ओळीतली सगळी शून्यं बघितली. खोडली नाहीत, राहू देत.

वसतिगृहात तीन दिवसांची बिनपगारी रजा टाकली. जयवंतीने न विचारता जुनी पँट काढून ठेवली.

उद्या – पहिल्या एसटीने सूर्यमाळ. रखमीकाकूच्या खाचरात दादाच्या जागी उभं राहायचं.