ढाणकीची पाहुणी

माय, आधी आली ती माझी नात नाही, तिची मैत्रीण. दारात उभी, डोक्यावर ओढणी, हातात घरच्या हळदीची पुडी. मला वाटलं बचत गटातली कोणी आली. म्हटलं, "मीटिंग तं उद्या हाये नं बाई?" ती हसली. "आजी, मी हॉस्टेलवाली. ढाणकीची. तुमची नात मागून येऊन राह्यली. नेरला जीपमध्ये एकच सीट होती, थे म्हने तू मेहमान, तू जा." अशी ही तुझी पणती, पाहुणीला पुढं धाडून आपण मागं राहिली. अमरावतीला विद्यापीठात शिकते, केमिस्ट्री का काय ते. मी चौथी शिकलेली. कागदावर बाईंनी शिकवलं तसं लिहिते, बोलणं मात्र आपलंच राहिलं.

त्या पोरीला मी बाजेवर बसवलं, चहा दिला, तुरीच्या शेंगांनी भरलेलं सूप पुढं ठेवलं. ती न सांगता सोलायला लागली. तिच्या वडिलांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे, घरात पाच बहिणी, शिकायला बाहेर पडलेली हीच पहिली. माय, तुला तर माहीत आहे, घरात माणूस आलं की माझं तोंड थांबत नाही. आता येतं तरी कोण? तुझा नातू पुण्याला कंपनीत. चर्चमागच्या आपल्या लायनीत तीनच घरांत चूल पेटते. पास्टर महिन्यातून एकदा येतात. बाकीच्या रविवारी मीच कुलूप उघडते, झाडून काढते, एक गीत म्हणते आणि कुलूप लावून घरी येते. आवाज भिंतीला लागून परत माझ्याकडेच येतो. त्यामुळे त्या पोरीजवळ मी बोलत सुटले. बोलता बोलता सांगून बसले, की नात आणि मी फोनवर रोज प्रार्थना करतो, आणि नात रोज हिचं, या पोरीचं, नाव घेते, हिला येशू भेटावा म्हणून.

पोरीचे हात थांबले. मग तिनं पुन्हा शेंग उचलली. "चाय लय मस्त झाली आजी," एवढंच म्हणाली.

नात आली. मी मोठ्या कौतुकानं तिला चुलीपाशी हे सांगितलं, तर तिचं तोंड उतरलं. "आजी! काहून सांगतलं तू? आता थे रूम बदलन." मला काही उमगेना. देवाचं नाव घेतलं, त्यात लपवायचं काय? मग ती खाली बसली आणि हळू आवाजात बोलली. त्यांचा प्रार्थनेचा गट आहे, त्यातली एक ताई दर वेळी विचारते, कोणाला येशूबद्दल सांगितलं का, मैत्रिणीला सांगत नाहीस तर तुझं प्रेम कसलं. "आजी, नाही सांगतलं तं मी चोर. सांगतलं तं तिले वाटन, वर्षभर डबा, नोट्स, तापात कपाळावर पट्ट्या, हे सगळं यासाठीच होतं. मले दुसरी मैत्रीणच नाही तिथं." पोर रडकुंडीला आली होती. मी कोंबड्याचा रस्सा ढवळत राहिले. कोंबडा मशिदीजवळच्या चाचांकडून हलाल कापून आणला होता, घरी मुसलमान पाहुणी आली की तू आणायचीस तसाच. तेवढं एक तरी मी बरोबर केलं होतं.

जेवायला बसलो. नातीनं प्रार्थना म्हटली ती इतकी भरभर, की देवाला सुद्धा कळली नसेल. कोणी बोलेना. मला असलं गप्प जेवण सहन होत नाही, रोजच असतं ते. म्हणून मी तुझी म्हशीची गोष्ट काढली.

ती संध्याकाळ मला अजून दिसते. तू मिशनच्या दवाखान्यातून आलीस, लुगड्याचा काठ ओला, हाताला फिनेलचा वास. समोरची काकू धावत येते. आपल्या हातचं पाणी तिनं कधी घेतलं नव्हतं, पण त्या दिवशी म्हणते, "म्हैस पडली वं. तुह्या देवाले सांगून पाय." तू तशीच जातेस. गोठ्यात म्हशीच्या कपाळावर हात ठेवून उभी राहतेस, डोळे मिटून, किती तरी वेळ. आणि सकाळी म्हैस मेली. मी तुला म्हटलं, "माय, आता सारी आळी हासन आपल्याले." तू माझ्याकडे असं बघितलंस! "तोंड मीट. तिच्या घरी आज चहाले दूध नाही. शेळी पिळ अन् देऊन ये." मी देऊन आले. काकूनं तांब्या घेतला. नंतर ती रोज संध्याकाळी आपल्या पायरीवर येऊन बसायची. चर्चमध्ये मात्र कधीच आली नाही.

ढाणकीची पोर इतकी हसली की तिला ठसका लागला. "मेलीच का आजी म्हैस? सच्ची?" मग पाणी प्यायली आणि नातीकडे वळली. "तू मले सांगत काहून नाही गं? अलार्म माझ्या फजरच्या नमाजाचा, उठते तू. ब्लँकेटात तोंड घालून पुटपुटते. मले वाटे, माझ्या घोरण्याची तक्रार करून राह्यली."

नात ताटात बघत म्हणाली, "तुले वाटलं असतं, मैत्री यासाठीच केली."

"यासाठीच केली का?"

"नाही." मग वर बघून, "पण सांगावं वाटते, हे बी खरं हाये. दोन्ही खरं हाये."

"मंग सांग. मी ऐकीन. मंग मी सांगीन, तुले ऐकावं लागन."

"अन् दोघीतली कोणीच नाही बदलली तं?"

"तं मेसचं पाणीवालं वरण हायेच नं, दोघीले एकच."

मग माय, नातीनं सांगितलं. उपदेश नाही, बायबलची वचनं नाहीत. हॉस्टेलमधल्या पहिल्या महिन्यात प्रॅक्टिकल बिघडलं, मॅडम सगळ्यांसमोर बोलल्या, तेव्हा ती बाथरूममध्ये नळ सोडून रडत होती. आणि तिला वाटलं, आपण इथं एकटे नाही, तो जवळ बसलाय. "बस, एवढंच. मले धड सांगता येत नाही." पोरीचा हात ताटातच राहिला. म्हणाली, "त्या बाथरूमात मी बी रडलती. माझ्याजवळ कोणी बसलं होतं का, ठाऊक नाही. पाहू दे मले." नातीनं तिच्या ताटात आपल्यातला तंगडीचा तुकडा ठेवला. रूम कोणी बदलत नाही, एवढं मला तिथंच कळलं.

मी मात्र तेव्हापासून तुला विचारते आहे. काकू रोज पायरीवर बसायची, तेव्हा तुझ्या मनात होतं का गं, तिला सांगायचं? का सांगून झालं होतं आणि मी लहान म्हणून मला ऐकू आलं नाही? तू गेलीस तेव्हा काकू आपल्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती, एवढंच मी पाहिलं. विचारायचं राहून गेलं. हा कागदही तुझ्यापर्यंत पोचणार नाही, डब्यात ठेवून देईन.

रविवारी चर्चमध्ये आम्ही दोघी गायलो, ढाणकीची पोर बाहेर ओट्यावर बसली. निघताना म्हणाली, "आजी, तुमचा आवाज बाहेर लय दूर जाते."

त्या गेल्यावर मी गुडघे टेकले. त्या पोरीचं तारण मागायला हवं होतं, तू तेच मागितलं असतंस. पण खरं सांगते माय, माझ्या तोंडून तिच्यासाठी तेवढं निघालंच नाही. मी फक्त मागितलं, की दोघींना पुन्हा येऊ दे. संक्रांत झाली की पहिल्या शनिवारी येतो, असं म्हणून गेल्या आहेत.