फाटकापुढचे डबे

वेलिंग्टन,
१६ जून १९८६

प्रिय बेव्हनदादा,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं, कॉलीनवहिनीने पाठवलेला क्विन्सच्या फळांचा मुरांबाही आला. मुरांबा संपला आणि पत्राचं उत्तर आत्ता देते आहे, यावरून माझ्या मनाची अवस्था तुला कळावी.

सिनेमा पुरा झाला. गेल्या वर्षी तुमच्या गावच्या बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीत आम्ही परका ग्रह उभा केला होता, तो पडद्यावर खरंच परका दिसतो. गोष्ट तू तुकड्यातुकड्यांनी पाहिली आहेस, म्हणून एकदा सलग सांगते. वर कड्यावर मालक लोक राहतात. खालचे दिवसभर राबतात आणि मजुरी म्हणून मालकांच्या दुकानातून चंदेरी डबे घेऊन जातात. डबा रिकामा असतो. पण झाकण उघडताना असा काही गोड आवाज येतो की माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत उभा! शेवटी सगळे आपापले डबे परत आणतात आणि कड्याच्या फाटकापुढे रचत जातात, इतके की फाटक आतून उघडेनासं होतं. मालक आत, डबे बाहेर. तिथे मी सिनेमा संपवला.

आमचे वितरक प्रेस्कॉट लाइल यांना नेमकं तेच नको आहे. ते म्हणाले, लोक आठवडाभर खपून शनिवारी दोन घटका मजा करायला येतात, त्यांना तुम्ही मूर्ख म्हणणार आणि वर तिकीटही घेणार? खरं सांगू, ते मला लागलं. त्या रांगेत तुमच्याच गावची माणसं आहेत. मी त्यांना एवढंच सांगितलं होतं की डब्याकडे आशेने बघा. आता पडद्यावर त्यांच्या डोळ्यांतली ती आशा बघून हसू येतं, आणि हसल्यावर मला माझीच लाज वाटते.

शेवट ठेवायचा की काढायचा, हे साध्या प्रेक्षकांना दाखवून ठरवू, असं लाइलसाहेबांचं म्हणणं. त्यांचं सुट्टीतलं घर तुमच्या जवळच्या तळ्याकाठी आहे, म्हणून त्यांनी आपणहून तुमच्या थिएटरचं नाव घेतलं. चित्रीकरणाच्या जागी ते कधी फिरकले नाहीत, त्यामुळे निम्मं गाव सिनेमात आहे हे त्यांना ठाऊक नाही. मीही बोलले नाही. हे खोटं बोलण्यात जमा होतं का रे?

लोभ वाढवू नकोस, सध्या आहे तोच पुरवून ठेव. बहुतेक बराच लागणार आहे.

तुझी,
नायरी


वाइकारो,
२२ जून

चि. नायरीस,
अनेक आशीर्वाद आणि एक टपली.

तुझं पत्र मी थिएटरच्या समितीत वाचायला घेतलं. अर्धं वाचून होण्याआधीच सगळ्यांनी हो म्हणून टाकलं, त्यामुळे उरलेलं मी घरी येऊन वाचलं. शनिवार, १२ जुलै, दुपारचा खेळ. हुहानामावशी म्हणाल्या की तुझ्या बहिणीला मध्यंतर कुठे आहे ते आधी कळवायला सांग. एवढ्या माणसांच्या चहाला पाणी उकळायचं म्हणजे वेळ लागतो, आणि चीज रोल थंड झाले तर त्याला त्या जबाबदार नाहीत.

तुझी वहिनी केस कुरळे करून आली आहे. मी म्हटलं, अगं, चित्रीकरण गेल्या वर्षी झालं, पडद्यावरचे केस आता बदलायचे नाहीत. त्यावर तिने मला मध्यंतरापर्यंत बोलायला बंदी केली आहे. स्टॅनकाका भेटेल त्याला सांगत असतात की फाटकापुढच्या ढिगाऱ्यावरचा सगळ्यात वरचा डबा त्यांनी ठेवला आणि कॅमेरा त्यांच्यावरच होता. तोच डबा ठेवलेली आणखी निदान चार माणसं गावात आहेत.

खोटेपणाबद्दल म्हणशील तर, त्यांनी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. गाय विकताना मी याहून जास्त लपवतो. पण तू तेवढ्यावर जेवण सोडणारी बाई, तेव्हा सांगून मोकळी हो.

आणि त्या डोळ्यांतल्या आशेचं. मी वहिनीला तुझं ते वाक्य वाचून दाखवलं. ती म्हणाली, डबा हातात घेतला की हलका लागतोच, रिकामा आहे हे कळायला कॉलेजात जावं लागत नाही. आशा होती ती चहाच्या सुट्टीची. तुझ्या माणसांनी सकाळपासून कुणाला चहा दिला नव्हता.

तब्येतीला जप. सिनेमा डब्यात गेला तरी माझा लोभ बाहेरच राहील, काळजी नसावी.

तुझा,
बेव्हन


वेलिंग्टन,
८ जुलै

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

लाइलसाहेबांना सगळं सांगून टाकलं. ते फोनवर चांगले खळखळून हसले. म्हणाले, मग तर फारच छान, स्वतःला पडद्यावर बघून खूश झालेल्या माणसांसारखे प्रेक्षक नाहीत. त्यांचं हसणं मला आवडलं नव्हतं. का, ते आज कळलं.

आमच्या संकलकाने गुपचूप येऊन सांगितलं की शेवटचं रीळ बदललं आहे. माझा शेवट काढून त्यांनी दुसरा जोडला आहे. त्यात मोठा मालक स्वतः फाटक उघडून खाली येतो आणि सगळ्यांना भरलेले डबे वाटतो. लोक कृतज्ञतेने रडतात. ते अश्रू कुठले, माहीत आहे? वाऱ्याने खाणीची धूळ डोळ्यांत गेली तेव्हाचे, आम्ही टाकून दिलेले तुकडे! वर संगीत घातलं की झाली कृतज्ञता. लोकांनी टाळ्या वाजवल्या तर हाच शेवट देशभर जाईल. करारात त्यांना तसा हक्क आहे; मी सही करताना ते कलम वाचलं होतं आणि हे असं काही कोण करेल, म्हणून पुढे गेले होते. मला खेळाला यायचीही मनाई आहे.

रिळं आज सकाळच्या बसने निघाली. दादा, एक मागणं आहे, आणि तू चिडशील. कोणाला एक अक्षर सांगू नकोस. पढवलेल्या माणसांनी आरडाओरडा करून माझा शेवट परत मिळवला, तर लाइलसाहेबांत आणि माझ्यात फरक काय? लोकांना खरंच तो शेवट गोड वाटला तर मला ते कळायला हवं. नकोसं आहे, पण कळायला हवं.

पत्र संपवते, नाहीतर माझा विचार बदलेल. लोभ असू दे, आणि तोंड बंद असू दे.

नायरी


वाइकारो,
रविवार, १३ जुलै

चि. नायरीस,
अनेक आशीर्वाद. या वेळी टपली नाही.

शब्द पाळला. वहिनीलाही सांगितलं नाही, त्याचं प्रायश्चित्त अजून चालू आहे.

थिएटर गच्च भरलं होतं. जुलैची थंडी, म्हणून लोक घरून उशा आणि गोधड्या घेऊन आले होते. लाइलसाहेब लांब कोटात आले, त्यांना आम्ही स्टॅनकाकांच्या शेजारची सोफ्याची जागा दिली. हुहानामावशींनी त्यांच्या गुडघ्यांवर स्वतःची गोधडी घातली, नको म्हणायला वेळच दिला नाही. पहिला भाग चालू असताना मला वर यंत्राच्या खोलीत सिनेमा चालवताना संवाद ऐकू येईनात, एवढा गलका. ती बघ कॉलीन, अरे तो बॅरीचा कुत्रा परक्या ग्रहावर काय करतोय, अगं ही तर माझी टोपी! रांगेतल्या स्वतःच्या चेहऱ्यांना सगळ्यात मोठ्याने हसले ते तेच. तेव्हा तुझी लाज तू आवरून ठेव.

मध्यंतरात लाइलसाहेबांनी चीज रोलवर चीज रोल खाल्ले. नंतरच्या सोडतीत बक्षिसाची मेंढीची तंगडी त्यांनाच लागली. माणूस इतका खूश होता की मला वाटलं, संपलं नायरीचं.

मग शेवटचं रीळ. मालक खाली उतरला, संगीत चढलं, डबे वाटले गेले. टाळी एकही पडली नाही. दिवे लागले तरी कुणी हलेना. मग स्टॅनकाकांनी अगदी शांतपणे विचारलं, माझा डबा कुठे आहे?

लाइलसाहेबांना कळेना. ते म्हणाले, तो भाग थोडा कापला आहे. झालं! ढिगाऱ्याच्या टोकावर डबा ठेवणारे सगळेच्या सगळे उभे राहिले. दक्षिण ध्रुवाकडून येणाऱ्या बोचऱ्या वाऱ्यात आम्ही डबे वाहिले ते काय गंमत म्हणून? वहिनीने केसांचा विषय काढला. नायरी, तू म्हणशील ही काय तत्त्वाची लढाई झाली, प्रत्येकाला स्वतःला बघायचं होतं, बस. सुरुवातीला तसंच होतं. मग स्टॅनकाका म्हणाले, खाण बंद झाली, व्यवस्थापक कड्यावरच्या घरातून सामान बांधून निघून गेला, तेव्हा मी रडलो नाही, आणि तुम्ही मला त्याच कड्याखाली असल्या माणसासमोर रडताना दाखवता?

लाइलसाहेब समजुतीने म्हणाले की पण हा शेवट किती छान आहे, यात प्रत्येकाला भरलेला डबा मिळतो. हुहानामावशी चहाच्या खिडकीतून ओरडल्या, भरलेला म्हणजे, आत आहे काय?

ते तंगडी कवटाळून उभे. शेवटी म्हणाले, आत काय आहे याला तसं महत्त्व नाही.

नायरी, अख्खं थिएटर जे हसलं! पहिल्या भागातलं हसणं काहीच नाही. मी वरून त्यांचा चेहरा पाहिला. आपण काय बोललो, हे त्यांचं त्यांनाच त्या क्षणी ऐकू आलं.

ते नंतर वर आले, रिळाच्या पेटीवर बसले आणि म्हणाले, बहिणीचा शेवट परत लावा. हा प्रश्न आता मला प्रत्येक गावात ऐकू येईल. मला त्यांची कीव आली, पण फार वेळ नाही. जिना उतरता उतरता त्यांना सुचलं की तसे चंदेरी डबे थिएटरच्या दारात विकायला ठेवले तर? मी विचारलं, आत काय घालणार? ते म्हणाले, छे, काही नाही.

स्टॅनकाका विचारतात, टोकावरचा डबा नक्की कोणाचा? कृपा करून लिहू नकोस, गावात शांतता राहू दे.

तुझा,
बेव्हन


ऑकलंड,
५ ऑक्टोबर

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

काल सिनेमा लागला. शेवट माझा, म्हणजे तुमचा. फाटक आतून हलतं आणि उघडत नाही, तेव्हा माझ्यापुढच्या रांगेतल्या बाईने नवऱ्याचा हात घट्ट धरला. मला ते पुरेसं आहे. विचार पटला की नुसता प्रसंग आवडला, हे शोधत बसायचं नाही असं मी ठरवलं आणि ते निम्मं जमलं.

दारात मात्र चंदेरी डबे होतेच. रिकामे, झाकणाला तोच गोड आवाज. आत्ताच ज्यांनी पडद्यावर डबे परत केलेले पाहिले, ती माणसं बाहेर येऊन डबे विकत घेत होती! हसत हसत घेत होती, हे खरं, पण घेत होती. मी भयंकर संतापले. लाइलसाहेब काउंटरच्या मागे उभे होते, त्यांना तिथल्या तिथे सुनवायचं ठरवलं. मध्ये रांग होती. रांग मोडून पुढे घुसणं बरं दिसेना, म्हणून मीही रांगेत उभी राहिले. मनात वाक्यं जुळवत होते, चांगली जुळली होती. माझी पाळी आली तसं काउंटरवरच्या मुलीने झाकण उघडून दाखवलं. दादा, तो आवाज मीच तयार करून घेतला आहे. ओल्या बोटाने काचेच्या पेल्याची कड घासून तो कसा काढला, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मी दोन घेतले.

एक माझ्या टेबलावर आहे, पेन्सिली ठेवल्या आहेत. दुसरा तुम्हाला पाठवते आहे. उघडल्यावर रिकामा वाटेल. माझा सगळा लोभ त्यातच भरून पाठवला आहे, असं हुहानामावशींना सांगावं, आणि त्या हसल्या तर हसू द्यावं.

तुझी,
नायरी