गोळ्यांची वर्गणी

चि. मुक्तास, तुझ्या दगडाबाई आजीचा आशीर्वाद. तब्येत बरी हाय ना? स्वतः जेवतीस, का नुसतं प्रयोगाच्या उंदरांनाच चारतीस? इकडं पाणी सोडून समदं हाय. मी दोन म्हशी घेऊन सोसायटीच्या चारा छावणीत मुक्कामाला. म्हशींचं बरं चाललंय. त्यांची विचारपूस चेअरमन रोज करतात.

पत्राला कारण तूच. मागं आलतीस तवा म्हणालीस, झाडाच्या मुळीपासून निघालेल्या बीपीच्या गोळीचा आपल्या चंद्रभागेच्या लेकीच्या, छबूच्या दुखण्यावर काहीतरी उपयोग दिसतोय. (त्या लेकराचं लिव्हर म्हणजे आपल्या कारखान्याचं गोदाम. साखर आत जाते, बाहेर काढायची किल्ली कुणाजवळच न्हाई. वेळेवर पोटात काही गेलं न्हाई की पोर गार पडते.) अजून उंदरांवरच चाललंय, हेही तू बोललीस, तेवढं छावणीत सांगायचं माझ्याकडून राहिलं.

मग काय! सुंदरराव चेअरमननी भोंग्यावरून पुकारलं, छबूसाठी घरटी बीपीच्या गोळ्यांची एक पट्टी जमा करा, सोसायटीचा शेअर समजून. चाऱ्याची काडी न सोडणारी माणसं, पण आपल्या रोजच्या गोळ्या टाकून बिस्किटाचा डबा गच्च भरला. आठ दिवसांत छावणीची तऱ्हा बघायची होतीस. म्हातारे दावणीला डोकं धरून बसले, चेअरमन लालबुंद, आणि सुग्रीव सेक्रेटरी (हेच पत्र लिहितोय, म्हणून थोडक्यात सांगते) चक्कर येऊन गव्हाणीत पडला, तर माझी म्हैस त्याला चारा समजून हुंगत होती. शेवटी दवाखान्याची डॉक्टरीण आली. तिनं एकेकाच्या दंडाला पट्टा आवळला, समद्यांना झापलं, डबा जप्त केला आणि ज्याला त्याला नव्या गोळ्या दिल्या. घाबरू नको, छबूला त्यातली एकही दिली न्हाई. डब्यावर मीच बूड टेकून होते.

तुझी,
उंदरांहून म्हातारी आजी

ता. क. सुंदरराव विचारतात, ती मुळी कोरडवाहू रानात येती का? कळवू नको. लगेच सोसायटी काढतील.

आणखी ता. क. (सुग्रीव, हे नीट लिही.) चंद्रभागा नवऱ्यासंगं परवा ऊसतोडीला निघाली. फडात छबूचं कोण बघणार? पोर मी ठेवून घेतली. मक्याचं पांढरं पीठ गार पाण्यात कालवून रातीतसुद्धा ठरल्या वेळेला पाजायचं असतं. तुझी गोळी निघंल तवा निघंल. पण मला घड्याळ कळत न्हाई, आणि झोप लागली की मी उठत न्हाई. सध्या सुग्रीव हाका मारून उठवतोय. तर एक बोंबलणारं घड्याळ, वेळा तूच लावून, येणाऱ्या एसटीनं धाड. चंद्रभागेला मी सांगून बसलेय, माझ्याजवळ हाय म्हणून.