ईरम्माच्या वर्गाची पेटी आणि बाकीची व्यवस्था

मी, सुंदरम्मा निंगप्पा बिराजदार, वय एकोणसाठ, निवृत्त शिक्षिका, राहणार सोलापूर, हे माझ्या हाताने लिहून ठेवते. हृदय थकले आहे असे डॉक्टर म्हणतात. डोके शाबूत आहे. कोणी शिकवलेले किंवा दटावलेले यात काही नाही. याआधी मृत्युपत्र केलेले नाही.

१. पतींच्या मागे माझ्या नावावर झालेले दोन खोल्यांचे घर आणि पोस्टातील शिल्लक मुलगा रेवणसिद्ध याची. त्याच्या बहिणीचा, ईरम्माचा, फोटो त्याने माळ्यावर ठेवला आहे. तो भिंतीवर लावावा, ही अट नाही. आईची विनंती आहे.

२. बाजाची पेटी, ढोलकी आणि झांजा मल्लव्वा रुद्रप्पा कोळी हिला द्याव्यात. ती अकलूजला नुकतीच शिक्षिका झाली आहे. परक्या पोरीला कशाला, असे रेवणसिद्ध विचारील, म्हणून सांगते.

माझी ईरम्मा बोलताना अडखळायची. हजेरीला तिच्या तोंडून ‘हजर’ निघेपर्यंत पुढचे नाव यायचे आणि वर्ग हसायचा. सातवीत तिने तोंडच मिटले. तेव्हा शाळा भरण्यापूर्वी मी मुलींचे समूहगान सुरू केले. आवाज पारखले नाहीत. जी बुजरी, ती आधी घेतली. पहिल्याच दिवशी घरी येताना ईरम्माने माझा पदर ओढला. “अव्वा, मी अडकले न्हाय की!”

पुढे वर्गात ती धडा वाचायला उठली, की मल्लव्वा आणि बाकीच्या मुली तिच्याबरोबर वाचू लागल्या. हळूहळू एकेक जण गप्प होत गेली. एक दिवस मल्लव्वाही थांबली. ईरम्मा पान संपेपर्यंत एकटीच वाचत राहिली.

स्नेहसंमेलनात पाहुण्यांची ओळख तीच करून देणार होती. बहात्तरच्या दुष्काळात, दिवाळीनंतर, तिला विषमज्वर झाला. तापातही ते भाषण घोकत होती. “आपल्या शाळेत...” याच्यापुढे गेली नाही.

मी गाण्याचा वर्ग बंद केला. मग मल्लव्वा साऱ्या मुलींना घेऊन दारात आली. “बाई, आता आमी कुटं जायाचं?” एवढेच म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. निवृत्तीपर्यंत वर्ग चालवला. स्वतः मात्र पुन्हा गायले नाही.

३. त्या वेळचे मुख्याध्यापक आबासाहेब मला म्हणाले होते, “अडखळणारी पोर पुढं उभी करून शाळेचं हसं करता काय?” मी म्हटले, “पुढं नाही सर, मधोमध उभी करते.” माझा राग गेलेला नाही. माझ्या शोकसभेत त्यांनी भाषण करू नये. आले तर चहा द्यावा.

४. ईरम्माशेजारी मला माती द्यावी असा हट्ट धरू नये. ती जागा मी बरीच वर्षे मनात धरून होते. गेल्या श्रावणात गेले, तर तिथे दुसऱ्या कुणाचे लेकरू ठेवले होते. त्याची आई तिथेच बसली होती. मी माघारी आले. मिळेल त्या जागी मला आमच्या लिंगायत रीतीने मातीत बसवा.

वाचून, समजून सही केली.

सुंदरम्मा निंगप्पा बिराजदार

आमच्यासमोर सही झाली:
सिद्धलिंगप्पा म्हेत्रे, शेजारी
काशम्मा हत्तुरे, सहशिक्षिका

सोलापूर, ९ मार्च १९७९