तीन रबरं आणि ज्वारीचं पोतं

हुडकेश्वर, नागपूर
१६ सप्टेंबर १९७९

ति. दादांस वच्छलाचा सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राला उत्तर लिहायला बसले की तीच सकाळ आठवते. मी भांडी घासून पालथी घालत होते, चुलीवर आंघोळीचं पाणी होतं, आणि ह्यांनी अंगणातून हाक मारून मला पुठ्ठा धरायला लावला. टॅक्सीतलं पेट्रोलचं इंजिन आदल्याच दिवशी काढलं होतं. त्या जागी टेम्पोचं जुनं डिझेल इंजिन बसवायचं, तर त्याचे पाय कुठे टेकतील याचं माप घेत होते. मी म्हटलं, पाणी उकळून राहिलं, आधी आंघोळ करा. म्हणाले, दोन मिनिटं थांब वं. चार दिवसांनी ते गेले.

तुम्ही लिहिता, वर्ध्याचे रूपराव गाडी आणि इंजिन दोन्ही उचलायला तयार आहेत, आणि मी आर्वीला तुमच्याकडे येऊन राहावं. दादा, मी येणार नाही. गाडी चालली तर भाड्यावर माझं पोट भरेल आणि मी माझ्या घरात राहीन. काम सुरू केलं आहे. देवाजी वेल्डर हिंगण्याला कारखान्यात आहे, तो रविवारी येतो. पुठ्ठ्याचे साचे मी कापते, त्यावरून तो लोखंडी पट्ट्या कापून इंजिनाचे पाय जोडतो. चोळी बेतण्याहून अवघड नाही.

वहिनींना नमस्कार. रागावलात तरी माया कमी करू नका.

तुमची
वच्छला


आर्वी
२२ सप्टेंबर १९७९

चि. वच्छला हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोचलं. तुझी वहिनी आधी रडली, मग चोळीचं वाचून हसली. मला हसू आलं नाही. श्रीधरराव होते तेव्हाची गोष्ट वेगळी होती. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून तू शहाणी झालीस हे मी चारचौघांत सांगतो, पण इंजिन काही पुडीत बांधून मिळत नाही. काहून एवढा हट्ट करून राहिली?

रूपरावांना १४ ऑक्टोबर, रविवार दिला आहे. त्या दिवशी गाडी नीट चालली तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही चालली तर गाडी ते नेतील आणि तू सामान बांधून इकडे येशील. मला शब्द दे.

प्रकृतीला जप. भावाचं बोलणं कडू लागलं तरी भावाला परकं करू नकोस.

तुझा दादा
चंपतराव


नागपूर
१ ऑक्टोबर १९७९

ति. दादांस सा. न. वि. वि.

शब्द दिला.

आता वाईट बातमी. इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये रबराचे तीन ठोकळे असतात. इंजिनाची थरथर ते गिळतात. देवाजीने ट्रकचे ठोकळे आणले. म्हणे, ताई, मरेस्तोवर पाहाले लागत नाही. गेल्या रविवारी इंजिन सुरू केलं तर दार आपोआप उघडलं आणि आरशात माझी दोन तोंडं दिसायला लागली. शेजारची मनकर्णा धावत आली. म्हणाली, वच्छलाबाई, गाडीत भूत बसवलं का वं?

मला राग आला. इतवारीच्या बाजारात जाऊन मीच सगळ्यात मऊ रबर निवडून आणलं. काल ते लावलं. गाडी अशी शांत झाली की मला रडू आलं. मग देवाजीने जोर दिला, इंजिन एका अंगाला कललं आणि पंख्याने रेडिएटर खाल्लं. ही चूक देवाजीची नाही, माझी आहे. रेडिएटर झाळायला दिलं आहे. दोन रविवार उरले.

सगळ्यांना नमस्कार. माझं हसं झालं तरी आपली म्हणा.

तुमची
वच्छला


आर्वी
५ ऑक्टोबर १९७९

चि. वच्छला हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

रेडिएटरचं वाचून वाईट वाटलं. रूपरावांनी विचारलं, मी फक्त तारीख पुन्हा सांगितली. इकडे कापसाची वेचणी लागली, मला निघता येणार नाही. ते एकटेच येतील.

मला यातलं कळत नाही, पण एक विचारतो. जुनं पेट्रोलचं इंजिन बारा वर्षं ज्या रबरांवर बसलं होतं ती फेकली की आहेत? ती त्याला सोसत होती ना?

मी हे विचारलं म्हणजे माझं मत बदललं असं समजू नकोस. वहिनीने तुझ्यासाठी खोली सारवून ठेवली आहे. आम्हा दोघांची आठवण ठेव.

तुझा दादा
चंपतराव


नागपूर
१६ ऑक्टोबर १९७९

ति. दादांस सा. न. वि. वि.

रबरं होती. तुमचं पत्र वाचलं आणि ती शोधून काढली. मग नवं इंजिन पुन्हा उतरवून दोन्ही इंजिनं हातगाडीवर घातली आणि लाकडाच्या टालावरच्या मोठ्या काट्यावर वजन करून आणली. तीन पाय, म्हणून वजनाचे तीन हिस्से धरले.

मनकर्णा इतवारीत धान्य चाळायला जाते. तिच्या शेटजींच्या ओट्यावर मी जुनं रबर दोन फळ्यांमध्ये ठेवलं, आणि जुन्या इंजिनाच्या एका हिश्शाएवढी ज्वारी पोत्यात भरून त्यावर चढवली. दोन हमालांनी पोतं नुसतं तोलून धरलं. रबर दोन सूत, म्हणजे पाव इंच, दबलं. म्हणजे नव्या इंजिनाच्या हिश्शाखाली दोन सूत दबेल ते रबर आपलं. ट्रकचं अर्धं सूतही हललं नाही. माझं मऊ पाच सूत बसलं. शेटजी म्हणाले, बाई ज्वारी घेते का नुसती बसवते? सगळा बाजार हसला. मी मोजत राहिले. शेवटी भंगारातल्या एका जीपचं रबर बरोबर दोन सूत दबलं. तशी तीन शोधायला दोन दिवस लागले. उंचीत फरक आला, म्हणून साचे पुन्हा कापले. देवाजीने माझ्यासाठी कारखान्यात खाडा केला.

रविवारी रूपराव आले. उमरेड रोडपर्यंत गाडी नेऊन आणली. चढावर जोर दिला, थांबवली, पुन्हा चालू केली. परत आल्यावर ठरल्यापेक्षा जास्त द्यायला तयार झाले. मी म्हटलं, भाऊ, चहा घ्या. चहा घेऊन गेले.

ते गेल्यावर मी गाडीत एकटी बसले. इंजिन चालूच होतं. ह्यांना सांगावंसं वाटलं, म्हणून मोठ्याने सांगितलं.

सारवलेल्या खोलीत दिवाळीला येऊन राहीन, चार दिवस. वहिनींना सांगा. तुमचा शब्द तुम्ही पाळाल हे मला माहीत आहे. माया आहे तेवढी पुरे, तेवढी मात्र राहू द्या.

तुमची
वच्छला

ता. क. काल, सोमवारी, मी आर.टी.ओ. कार्यालयात गेले, गाडी माझ्या नावावर करण्याचा अर्ज दिला आणि शिकाऊ लायसन्सचा फॉर्म भरला.