आमच्याकडे फळं चालत नाहीत

बाबा,

फळं चालतात. हे तुम्हाला सांगायला सोळा वर्षं उशीर झाला आहे, आणि तुम्ही असतात तरी ऐकलं नसतंत, हेही मला माहीत आहे. तरी लिहिते. गेल्या गुरुवारी आईला घेऊन डोंबिवलीतल्या एका आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले होते. बाई म्हणजे मुलगीच, माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने आईचे रिपोर्ट पाहिले, डॉक्टरांची चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "आजी, तुमच्या खाण्यात फळ कुठेच दिसत नाही. का बरं?" आई पर्स मांडीवर धरून बसली होती. म्हणाली, "आमच्याकडे फळं चालत नाहीत." एखादी बाई आमच्याकडे कांदा-लसूण चालत नाही म्हणते ना, त्याच सुरात. मुलीने पेन खाली ठेवलं. "व्रत आहे का काही?" आईने जरा विचार केला आणि म्हणाली, "तसंच समजा."

मी काही बोलले नाही. मी बोलत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. ती मुलगी शांतपणे समजावत राहिली. अख्खं फळ खायचं, रस काढून नाही. जेवणावर लगेच नाही, मधल्या वेळेत. एका वेळी एकच, तेही लहान. आंबासुद्धा एखादी फोड, रोज नाही. साखर तपासत राहायची आणि आपल्याला काय मानवतं ते बघायचं. "फळात नुसती साखर नसते, आजी. चोथा असतो, बाकीही पुष्कळ असतं. तुम्ही खरं जपायला हवं ते साबुदाण्याला." साबुदाण्याचं नाव निघाल्यावर आईने माझ्याकडे पाहिलं. मला त्या क्षणी तुमचा इतका राग आला की मी खाली मान घालून वजनकाट्याकडे बघत बसले. तुम्ही समोर असतात तरी मी तेच केलं असतं.

निघताना तिने चार पानी तक्ता दिला, एकाच बाजूने छापलेला. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर हे लिहिते आहे. रविवारची दुपार आहे. आई आत आडवी झाली आहे.

आईला साखर निघाली तेव्हा मी अकरावीत होते. ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या आपल्या डॉक्टरांकडे आपण तिघंही गेलो होतो, म्हणून त्यांचे शब्द मला नीट आठवतात. साखर, गूळ, मिठाई बंद. भात कमी. आंबा, चिकू, सीताफळ जरा बेतानं. एवढंच म्हणाले ते. घरी आल्या आल्या तुम्ही तांदळाच्या डब्यात हात घातलात. आईने त्यात चिकू पिकत घातले होते. एकेक चिकू बाहेर काढून, तांदूळ झटकून, तुम्ही सगळे पिशवीत भरलेत आणि शेजारी देऊन आलात. आई म्हणाली, "अहो, डॉक्टर बेतानं म्हणाले."

"बेतानं म्हणजे किती? सांगितलं त्यांनी?"

"तसं नाही सांगितलं, पण..."

"मग बंद."

वागळे इस्टेटमधल्या कंपनीत तुम्ही तपासणी खात्यात होतात. दसऱ्याला मशीनची पूजा व्हायची, त्या दिवशी घरच्यांना आत सोडायचे. मी सातवीत असताना तुम्ही मला तुमचं टेबल दाखवलंत. त्यावर भोकाचं माप तपासायचं बोटाएवढं पोलादी गेज होतं, एका टोकाजवळ लाल पट्टा असलेलं. साधं टोक पार्टच्या भोकात गेलं पाहिजे, लाल टोक जाता कामा नये. लाल गेलं की माल बाद. मी विचारलं, "आणि थोडंसंच गेलं तर?" "थोडंसं असं काही नसतं," तुम्ही म्हणालात, आणि बाजूचे दोघे हसले. "साहेब, ही तुमच्यावर गेली आहे, हिला घ्या इकडेच." झिजून बाद झालेलं एक गेज तुम्ही मला कागदांवर ठेवायला दिलंत. तुम्ही मला दिलेल्या वस्तूंपैकी तेवढीच उरली आहे. आत्ता ते याच पानांवर आहे. तुमच्या हाताखालून गेलेला माल कधी परत आला नाही, असं तुमच्या निरोप समारंभात सांगितलं गेलं. चांगलं आहे. पण आई तुमच्या टेबलावर आलेला पार्ट नव्हती. आणि गेजसुद्धा ठरावीक काळाने तपासायला पाठवावं लागतं, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. तुम्हाला कुणीच तपासलं नाही.

कारण ज्याला खरोखर जपायला हवं होतं, तेच तुम्ही हौसेने वाढत होतात. एकादशी आणि चतुर्थी आई करायची. आदल्या दिवशी तुम्ही स्वतः साबुदाणा भिजत घालायचात, केवढं कौतुक व्हायचं त्याचं. खिचडी, रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी. "उपासाचं हलकं असतं, पोटाला आराम मिळतो," म्हणत आईच्या ताटात दुसऱ्यांदा खिचडी घालायचात. एकदा नेमकी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी रक्ततपासणी आली. साखर चढलेली. तुम्ही रिपोर्ट घेऊन घरात आलात आणि बूटसुद्धा न काढता स्वयंपाकघरात गेलात. डबे उघडताय, फ्रिज उघडताय, ओट्याखाली वाकून बघताय, आणि आई भिंतीला पाठ लावून उभी आहे. शेवटी देव्हाऱ्यापाशी थांबलात. देवाला तेवढं रोज एक केळं चालत होतं, ते संध्याकाळी तुम्ही खाली वॉचमनला देत होतात. त्या दिवशी ते तिथे नव्हतं.

"केळं कुठे गेलं?"

"मी खाल्लं, बाबा," मी म्हटलं. खरंच मीच खाल्लं होतं. कॉलेजातून भुकेलेली आले होते.

"आईला पाठीशी घालू नकोस," तुम्ही म्हणालात.

मी घरात मोठ्याने बोललेल्या थोड्या वाक्यांपैकी ते एक होतं, खरं होतं, आणि तुम्ही ते बाद केलंत. पुढे मी कमी बोलत गेले, त्याचं कारण तुम्ही पाहुण्यांना माझा स्वभाव म्हणून सांगायचात.

त्यात तुम्ही स्वतः आंबा सोडलात. हे सगळ्यांना माहीत होतं, कारण तुम्ही ते सगळ्यांना माहीत करून दिलं होतंत. दर मे महिन्यात कल्याणहून आत्या यायची, पिशवीतून हापूसचा वास यायचा, आणि तुम्ही दारातच हात वर करायचात. "आत आणू नकोस. तिला चालत नाही, म्हणून मलाही नको." मग आत्या आईकडे वळायची. "वहिनी, नशीब काढलंत हो. आमच्याकडचा माणूस माझ्या वाटीतला रससुद्धा पिऊन टाकतो, वर विचारतो, संपला का?" सगळे हसायचे. आईही हसायची आणि उपमा करायला आत जायची. एकदाच, कढईत रवा परतताना, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मी नव्हतं सांगितलं सोडायला." तुम्ही आंबा सोडलात ते प्रेमाने असेलही. पण तिच्या तोंडावर कायमचा हात ठेवायला तो तुम्हाला फार उपयोगी पडला. ज्याने आपल्यासाठी आंबा सोडला, त्याच्याकडे पेरूची फोड कोण मागणार?

आता जांभळांचा दिवस. मी शेवटच्या वर्षाला होते. येऊरच्या डोंगरातून बायका पाट्या घेऊन खाली यायच्या, पानांच्या द्रोणात करवंदं, जांभळं विकायच्या. बँकेतून परत येताना आई नाक्यावर थांबली. मला वाटलं, पायाला काही लागलं. ती पाटीकडे बघत होती. विकणारी बाई म्हणाली, "घे बाय, बघते काय नुसती? साखर असेल तर याचं बीसुदा खातात." आई म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं मला साखर आहे?" "आता नाक्यावर उभी ऱ्हाते मी, चेहरे बघते. घाबरत खाणारी सगली साखरेचीच." आई खळखळून हसली. आम्ही दोघींनी एकेक द्रोण घेतला आणि तिथेच उभ्या राहून खाल्ला, रिकामे द्रोण तिच्याच पाटीत टाकले. आई रस्त्यात उभी राहून काही खाते आहे, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

घरी तुम्ही दार उघडलंत. "एवढा वेळ?" आईने उत्तर दिलं, आणि तिथेच फसली. तुम्ही म्हणालात, "जीभ दाखव."

"नाही हो खाल्लं काही."

"दाखव."

आणि आईने जीभ बाहेर काढली. शाळेत डॉक्टर यायचे तेव्हा आम्ही रांगेत उभ्या राहून काढायचो तशी. पंचेचाळिशीची बाई, हातात बँकेचं पासबुक, पायात अजून चपला. जीभ जांभळीभोर. तुम्ही ओरडला नाहीत, तुम्ही कधीच ओरडत नव्हतात. "जगायचं नसेल तर सरळ सांग," म्हणालात, आणि त्या रात्री जेवला नाहीत. तुम्ही जेवत नाही म्हटल्यावर आईही जेवली नाही. साखरेची गोळी मात्र घेतली, कारण गोळी चुकलेली तुम्हाला चालत नसे. सकाळी तिला घाम फुटला, हात थरथरायला लागले, आणि तुम्ही शेजाऱ्यांना सांगितलंत, काल बाहेरची जांभळं खाल्ली हिने. उपाशीपोटी गोळी घेतली की साखर उतरते, हे तेव्हा माहीत नव्हतं म्हणता येईल. मी म्हणत नाही. तुम्ही डॉक्टरांना कधी दुसऱ्यांदा विचारलंच नाहीत. एक वाक्य विचारायचं होतं.

तुम्ही गेलात तोही मे महिनाच होता. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला, कावळा शिवेना. अर्धा तास झाला, ऊन चढलं. आत्या रडत म्हणाली, "आंबा ठेवा रे. सोडला होता त्याने, इच्छा राहिली असेल." कुणीतरी धावत जाऊन हापूस आणला, कापून फोडी ठेवल्या. लगेच कावळा आला. सगळ्यांनी हात जोडले. आई माझ्या शेजारी उभी होती. तिने हात जोडले नव्हते. ती त्या कावळ्याच्या चोचीकडे बघत होती, गळ्यापाशी घोट गिळल्यासारखी हालचाल झाली, आणि मी नजर वळवली. मेल्यावरही आंबा तुम्हालाच चालला.

मला वाटलं होतं, आता सुटली. तिला मी डोंबिवलीला माझ्याकडे आणलं. पपई कापून समोर ठेवली, पेरू ठेवला. "नको गं, सवय नाही राहिली." "आई, डॉक्टर हो म्हणतात." "म्हणू देत." सोळा वर्षं. तुमचा फोटो तिने स्वयंपाकघराच्या दारासमोर लावून घेतला आहे. फ्रिज उघडला की पाठीमागे तुम्ही असता.

तक्ता उद्या फ्रिजवर लावायचा आहे. छापलेली बाजू बाहेर येईल, ही आत. म्हणजे हे कुणी वाचणार नाही, म्हणून उरलेलंही लिहून टाकते.

शुक्रवारी मी पाव किलो जांभळं आणली. मीठ लावून वाडग्यात घालून टेबलावर ठेवली. "खा हं आई, त्या मुलीने सांगितलंय," एवढंच म्हणाले आणि ठाण्याला ऑफिसला गेले. दिवसभर माझं लक्ष नव्हतं. संध्याकाळी आले तर वाडगा धुऊन पालथा घातलेला. मी आधी केराचा डबा उघडला. वर्तमानपत्राची घट्ट पुरचुंडी होती. ती सोडली. बिया.

मला इतका आनंद झाला, बाबा, की मी तशीच, पर्स खांद्यावर असताना, हॉलमध्ये गेले. आई टीव्ही बघत होती. "जांभळं कुठे गेली गं?" मी विचारलं. "समोरच्या मुलांना दिली," ती म्हणाली, आणि बोलताना तिच्या जिभेचा रंग मला दिसला. मी हसत, अगदी लाडात म्हटलं, "जीभ बघू."

आई खुर्चीतून उठली. सत्त्याहत्तर वर्षांची बाई, गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि सरळ उभी राहिली. "नाही हो खाल्लं," म्हणाली. मला ती कधी 'हो' म्हणत नाही. मला 'गं' म्हणते. मग तिने जीभ बाहेर काढली.

मला म्हणायचं होतं, अगं आई, चालतं. मला तिला जवळ घ्यायचं होतं. नाक्यावर तू कशी हसली होतीस, हे तिला सांगायचं होतं. माझ्या तोंडून पहिला शब्द आला तो, "किती?"