पळसफूल बझारच्या समोर

घुग्घुस, मंगळवार, संध्याकाळ

दुपारी बायकोले श्वासच घेता येईना. मी ॲम्ब्युलन्सवाल्याले फोनवर सांगितलं, "पळसफूल बझारच्या समोर ये."

तो म्हणे, "काका, कुठी आला हा बझार?"

बझार तर कधीचाच बंद झाला. घुग्घुस, बल्लारपूर, गडचिरोली, साऱ्या शाखा गेल्या. मी तिथी काउंटरवर होतो, मले माहीत नाई का? पण आता त्या जागी काय आहे, तेच आठवेना. काऊन आठवेना? रोज तर पाहतो! शेवटी शेजारच्या बाईनं फोन हिसकून घेतला. "टाइल्सच्या दुकानासमोर या," म्हणे.

आता ही बरी आहे, झोपली. पुन्हा असं नको म्हणून फोनजवळ भिंतीवर पत्ता लिहिला. मग वाचून पाह्यला.

पळसफूल बझारच्या समोर.